रविवारचा करंडा

"येते मग," असं म्हणून ती उठली आणि माझा हात आपोआप टेबलावरच्या करंड्याकडे गेला.

झाकण काढलं, बोट बुडवलं, आधी हळद, मग कुंकू. तिच्या कपाळावर ठसठशीत बोट टेकवून मी मोकळी झाले तेव्हा कुठे आपण काय केलं हे माझ्या ध्यानात आलं. रीतीप्रमाणे आता तिनं मला लावायला हवं होतं, पण करंड्याचं झाकण लावायच्या निमित्तानं मी नेहमीसारखी दोन पावलं मागं सरकले होते.

ती जागची हलली नाही. पुसण्यासाठी पदर धरलेला तिचा हात कपाळापर्यंत गेला आणि मधेच थांबला. "असू दे," ती म्हणाली, पण ते माझ्याशी नव्हतं. पर्स उचलून, चपला पायात अडकवल्या न अडकवल्या करत ती जिना उतरून गेली.

याला आता चौदा वर्षं झाली. आज समुपदेशक म्हणून माझ्या नावाची पाटी आहे. तेव्हा मी मिरजेच्या बाजारात बापूशेठच्या साडीच्या दुकानात काउंटरवर होते आणि दर रविवारी सकाळी समुपदेशनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा करत होते. बायका साडीच्या दुकानात जेवढं बोलतात तेवढं माहेरीही बोलत नसतील. पोरीच्या लग्नाचा शालू बघता बघता एखादी जावयाच्या दारूपर्यंत येते. मी ऐकायची, दोन शब्द सांगायची, आणि बाई साडीही घेऊन जायची. आपल्याला हे जमतं, मग शिकूनच का करू नये, असं वाटून एकोणचाळिसाव्या वर्षी मी वही-पेन घेतलं.

जमतं या शब्दाचा माझा माज मात्र दुकानातला होता. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत त्याला काय हवं ते ओळखायचं, ही आमच्या धंद्यातली खरी विद्या. चपला बघून किंमत ओळखायची, हात बघून रंग ओळखायचा. आणि गळा बघून कुंकू. बापूशेठची शिस्त होती: साडी विकली की पदराच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं आणि मग गिऱ्हाइकाला लावायचं. गळ्यात मंगळसूत्र असलं तर कुंकू, नसलं तर नुसती पिशवी आणि "या पुन्हा". ते ठरवायला मला डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढाच वेळ लागायचा.

सरावासाठी आम्हाला मिळालेली खोली एका महिला मंडळाची होती. आदल्याच दिवशी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालेलं, म्हणून करंडा आणि तिळगुळाचा डबा टेबलावरच राहिले होते. आणि माझ्यासमोर आलेली ही बाई. तिचं खरं नाव मी सांगणार नाही, हेमलता म्हणू. एका शाळेत लेखनिक होती, वय पस्तिशीचं, गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी. कपाळावर मात्र काही नव्हतं. केसांच्या कडेला पुसल्यासारखी लालसर खूण होती. ती मी पाहिली आणि तिचा अर्थ मी घाम असा लावला.

*

अहवाल लिहायचा तर शब्दशः, असा आमच्या कोर्सचा नियम होता. कोण काय बोललं ते आठवून आठवून, आहे तसं लिहायचं आणि गुरुवारी, म्हणजे दुकान बंद असायचं त्या दिवशी, मुजावर मॅडमना नेऊन दाखवायचं. नसीम मुजावर आमच्या मार्गदर्शक. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांच्या दोनच शब्दांना आम्ही सगळे टरकून असायचो.

त्यांनी माझी पानं वाचली. शेवटचं वाक्य होतं, 'येते मग, असं म्हणून त्या गेल्या.'

"आणि मग?" मॅडम म्हणाल्या.

हेच ते दोन शब्द.

"मग काही नाही. गेल्या."

"बरं. आणि मग?"

"मॅडम, गेल्या म्हणजे गेल्याच."

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. त्यांना काही घाई नव्हती. मला मात्र गप्प बसलेल्या माणसासमोर गप्प बसता येत नाही, दुकानात तर ते पापच. मी सगळं सांगून टाकलं. करंडा, बोट, अर्धवट अडकवलेल्या चपला. सांगताना माझे कान गरम झाले होते.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "शालनताई," त्या म्हणाल्या, "या दोन पानांत तुमची वाक्यं किती आणि तिची किती, मोजा बघू."

मी मोजली. माझी एक्केचाळीस, तिची नऊ.

"प्रश्न किती विचारलेत?"

"सहा."

"त्यांची उत्तरं कुणी दिली?"

मी पानावरून बोट फिरवलं. 'मिस्टर काय करतात?' हा माझा प्रश्न. 'ते इथं नसतात,' हे तिचं उत्तर. आणि लगेच मी: 'बाहेरगावी असतील. असतं हो असं, आमच्या दुकानात येतात त्यातल्या कितीतरी जणींचे नवरे दुबईला असतात.' सहातल्या पाच प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली होती. ती बिचारी नुसती मान हलवत होती.

"आमच्या शेजारी एक काकू आहेत," मॅडम म्हणाल्या. "दर संक्रांतीला मला वाण देतात. बाकीच्या बायकांना कुंकू लावतात आणि माझ्यापाशी आल्या की विचारतात, 'नसीम, लावू का गं?' पंचवीस वर्षं झाली. मी कधी हो म्हणते, कधी नको म्हणते. त्यांना कशाचंच काही वाटत नाही. पण विचारायला कधी चुकल्या नाहीत."

मी खाली मान घातली. "मी त्यांना फोन करू का, मॅडम? माफी मागते."

"म्हणजे पुन्हा तुम्हीच बोलणार आणि तिला 'असू दे हो' म्हणावं लागणार."

"मग काय करू?"

"दर रविवारी दहा वाजता खोली उघडून बसा. तो तास तिचा आहे, तिला माहीत आहे."

"आणि नाहीच आली तर?"

"तरीही अकरापर्यंत तो तिचाच आहे."

कोर्स पुरा व्हायला एका तरी व्यक्तीबरोबर सलग सहा बैठका हव्या होत्या, त्याही मार्चअखेरच्या आत. माझ्याकडं हेमलताशिवाय कुणी नव्हतं. ती आली नाही तर माझं वर्ष फुकट जाणार होतं. पण खरं सांगते, वर्षापेक्षा त्या अर्धवट अडकवलेल्या चपलांनीच मला जास्त छळलं. ती काहीतरी सांगायला जिना चढून आली होती आणि मी तिला साडी विकल्यासारखी वाटेला लावली होती.

*

पहिल्या रविवारी ती आली नाही. मी पंखा पुसला. तिळगुळाच्या डब्यातले चुरलेले तुकडे खाल्ले. भिंतीवरच्या मंडळाच्या अध्यक्षांचे फोटो उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे पाहिले. सगळ्याच बायका रागावलेल्या दिसत होत्या. जिन्यात पाऊल वाजलं की मी पदर सारखा करायची आणि मग पाणीवाला पुढच्या मजल्यावर जायचा.

दुपारी दोनला दुकानात गेले तर बापूशेठ वाटच बघत होते. "काय शालन, आज किती जणींना शाणं केलंस?"

"कुणी आलंच नाही."

"म्हंजी रिकाम्या खुर्चीफुडं बसून आलीस? अगं, ते मी हितं रोज करतो की! मला पन द्या म्हनावं डिप्लोमा."

सगळं दुकान हसलं. मीही हसले आणि विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

त्याच आठवड्यात काउंटरवर एक आजीबाई आल्या. मोकळा गळा, पांढरे केस. माझा हात सवयीनं फिकट रंगांच्या थप्पीकडे गेला आणि मी तो मागं घेतला. "काय दाखवू?" एवढंच विचारलं आणि गप्प राहिले. बापूशेठ लांबून डोळे वटारत होते. आजीबाईंनी सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली, हळूच वर बोट केलं आणि म्हणाल्या, "ती डाळिंबी काढ बरं. जरीच्या काठाची." साडी अंगावर टाकून आरशात बघताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला काउंटरवरच्या माझ्या अठरा वर्षांत न विचारता काढून दिलेल्या सगळ्या फिकट साड्या आठवल्या.

दुसऱ्या रविवारीही खुर्ची रिकामीच राहिली. गुरुवारी मॅडमनी माझ्या तासांच्या तक्त्यावर त्या दोन्ही रविवारांपुढं सही केली.

"मॅडम, कुणी आलं नव्हतं," मी म्हणाले.

"तुम्ही आला होतात ना?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सहा बैठका मात्र करायलाच लागतील."

*

तिसऱ्या रविवारी दहा वाजून बारा मिनिटांनी ती दारात उभी राहिली.

"येऊ का?"

"या."

ती बसली. मी बसले. माझ्या जिभेच्या टोकाशी माफीची सगळी थप्पी तयार होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, कारण माझे हात हलायला लागले की तोंडही चालू होतं. बाहेर भाजीवाल्यानं मेथी मेथी ओरडत पूर्ण गल्ली पालथी घातली, तोपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो.

"त्या दिवशी तुम्ही मला कुंकू लावलंत," ती म्हणाली.

"हो. न विचारता लावलं. चुकलं माझं."

यापुढं मी एक अक्षर बोलले नाही. आयुष्यातली माझी सगळ्यात छोटी माफी तीच असेल.

तिनं मांडीवरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्या घरी रोज सकाळी सासूबाई लावतात. स्वतःच्या हातानं. मी डबा भरत असते, पोळी तव्यावर असते, तरी येऊन लावतात. सात वर्षं झाली. मी शाळेत पोचले की आधी नळावर जाते आणि पुसते."

केसांच्या कडेची ती लालसर खूण. मी तिला घाम म्हटलं होतं.

"माझे मिस्टर एक दिवस सकाळी दाढी करून, डबा घेऊन वर्कशॉपला गेले. वर्कशॉपला पोचलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही, काही नाही. पोलिसांत कळवलं, पेपरात फोटो दिला, मिरजेपासून सोलापूरपर्यंतची सगळी हॉस्पिटलं पालथी घातली. सासूबाई म्हणतात, माझा लेक जिवंत आहे, तू कपाळ रिकामं ठेवायचं नाहीस. आता सात वर्षं झाली, तर दीर म्हणतात कोर्टात अर्ज करू, ते गेले असं जाहीर करून घेऊ. घराचे कागद मिस्टरांच्या नावावर आहेत, त्यामुळे सगळंच अडलंय. माझ्या सहीशिवाय ते होणार नाही. रोज संध्याकाळी कागद पुढ्यात ठेवतात." तिनं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. "एक रोज लावतात, एक रोज पुसायला सांगतात. मी आपली कपाळ घेऊन उभी असते, ताई."

माझ्या मनात एकदम दहा गोष्टी आल्या. सही करून टाक बाई. सासूला समजावून सांग. वकील बघून देते, आमच्या दुकानात येतात त्यांच्या मिसेस. दहाच्या दहा गोष्टी मी गिळल्या. मग जे उरलं ते विचारलं.

"आणि तुम्हाला? तुम्हाला काय वाटतं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. डोळे भरून आले, वाहायला लागले, तिनं पुसले नाहीत.

"माहीत नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "माहीत नाही मला." आणि तिसऱ्यांदा म्हणताना ती चक्क हसली. "किती बरं वाटलं हे म्हणून! आमच्या घरात माहीत नाही म्हणायची सोयच नाही."

अकरा वाजले. ती उठली. करंडा अजून टेबलावरच होता, मंडळाच्या बायकांना तो कपाटात ठेवायचं सुचलं नव्हतं. माझा हात तिकडे गेला, पण या वेळी मी त्याला करंड्यावरच थांबवलं.

"लावू का?"

तिनं बराच वेळ करंड्याकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. चपला नीट घातल्या, पट्टा लावला. दारातून वळून म्हणाली, "पण पुढच्या रविवारी विचारा."

*

मी विचारत राहिले. पुढच्या रविवारी ती नको म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही नको. पण ते नकोसुद्धा दर वेळी वेगळं यायचं. एकदा कडक आलं, एकदा रडून झाल्यावर आलं, एकदा तर हसत हसत आलं. मधल्या तासात ती बोलायची. नवऱ्याला कैरीचं लोणचं कसं आवडायचं ते सांगायची, त्याच्यावर किती राग आहे ते सांगायची, शेजारची बेल वाजली तरी अजून छातीत धस्स होतं ते सांगायची. माझ्या अहवालात आता तिची वाक्यं चाळीस असायची आणि माझी नऊ. मुजावर मॅडमनी एकदा समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'बरं.' ते पान मी अजून जपून ठेवलंय.

मार्चच्या शेवटच्या रविवारी आमची सहावी बैठक होती. ती आली तीच वेगळी दिसत होती. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "काल सही केली."

मी थांबले.

"पण आधी सासूबाईंना सांगितलं. दिरांना नाही, आधी त्यांना. म्हटलं, आई, मी सही करणार आहे. ते परत आले तर आपण तो कागद फाडू, पण मला आता दारात उभं राहवत नाही. त्या रडल्या. मी रडले. मग म्हटलं, आणि उद्यापासून माझं कुंकू माझं मी लावीन. लावायचं त्या दिवशी लावीन, नाही त्या दिवशी नाही."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. आज सकाळी डबा भरत होते तर आल्या. मला वाटलं, आता लावतील. त्यांनी करंडा ओट्यावर माझ्याकडं सरकवला आणि देवघरात गेल्या."

हे सांगताना तिचा आवाज फुटला, माझंही नाक वाहायला लागलं. समुपदेशकानं रडावं की नाही यावर आमच्या कोर्समध्ये एक अख्खं व्याख्यान झालं होतं, त्यातलं मला त्या क्षणी काही आठवलं नाही.

अकरा वाजता ती उठली. मी तोंड उघडायच्या आत तिनं करंडा स्वतःच पुढं ओढला. झाकण काढून, खिडकीच्या काचेत बघून, कपाळावर एक बारीक बोट लावलं. "मी दुसरीत असल्यापासून लावते हो," ती म्हणाली. "मिस्टरांना ओळखतही नव्हते तेव्हापासून."

मग तिनं पुन्हा बोट बुडवलं आणि माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्हाला लावू का?"

मी नेहमीसारखी मागं सरकायला गेले. मागं खुर्ची होती.

माझा नवरा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तेराव्यानंतर मी पुन्हा दुकानात कामाला आले तेव्हा बापूशेठ एवढंच म्हणाले होते, "टिकली लावून येत जा शालन, न्हाईतर गिऱ्हाईक इचारत बसंल." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. तेव्हापासून मी रोज टिकली चिकटवत होते आणि हजारो बायकांना कुंकू लावून, कुणी मला परत लावायच्या आत मागं होत होते. लावून घेतलं तर फसवल्यासारखं होईल आणि नको म्हटलं तर कारण सांगावं लागेल. अकरा वर्षांत मला कुणी 'लावू का' असं विचारलं नव्हतं. आणि मोकळ्या गळ्याच्या बायकांच्या हातात नुसती पिशवी देणारी मीच होते.

हेमलताचं बोट हवेत होतं. तिला घाई नव्हती. थांबायला ती त्याच खोलीत शिकली होती.

"मला नवरा नाही," मी म्हणाले. "अकरा वर्षं झाली."

तिनं मान हलवली. बोट खाली घेतलं नाही. "लावू का?" तिनं पुन्हा विचारलं, पहिल्यासारखंच.

मी कपाळावरची टिकली काढून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवली.

"लाव," म्हणाले.

दुपारी दोनला दुकानात पोचले. लगीनसराईची गर्दी होती. बापूशेठनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग चष्मा सारखा करून बघितलं. हातातली साडी खाली ठेवून ते काउंटरच्या कडेला आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शालन, टिकली कुटं गेली? हे काय लावलंयस?"

"कुंकू आहे, बापूशेठ."

"ते दिसतंय की मला. लावलं कुनी?"

समोर एक मोकळ्या गळ्याची बाई साडीची पिशवी घ्यायला हात पुढं करून उभी होती. मी करंडा उचलला आणि तिच्याकडे वळले.

"जिनं लावलं तिनं आधी विचारलं," मी बापूशेठना म्हणाले.